काचेच्या घंटेखालचं रान

मला त्या गावाचा राग आहे. इतकी वर्षं गेली, डोक्यावरचे केस गेले, तरी राग गेला नाही. आणि जावा म्हणून मी कधी उपासतापासही केलेले नाहीत. निपाणीहून पहाटे बैलगाडी जुंपली तर ऊन तापायच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर ते गाव होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं अजूनही भांडायला येतील, आणि त्यांच्याशी भांडायची माझी हौस तेव्हाच पुरेपूर फिटली आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मी कडोलीच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या भावकीत पुण्याला जाऊन शेतकी शिकलेला पहिलाच. परत आल्यावर बेळगावात शेतकी खात्यातल्या एका रसायनवाल्या साहेबांच्या हाताखाली नोकरी लागली. आईनं घरोघर साखर वाटली. पोराच्या हातातला नांगर सुटला, आता तो खुर्चीत बसणार, असं तिला वाटलं. मला जे काम मिळालं ते मेंढरांच्या मुताचं होतं. हे मी घरी कधीच सांगितलं नाही.

काम असं होतं. पिकाला लागणारं नत्र जमिनीत असतं, तसंच ते जमिनीतून उडूनही जातं. शेण-मूत कुजलं की त्यातून अमोनिया नावाचा वायू सुटतो. नवसागर आणि चुना तळहातावर चोळला की नाकात जो झणका बसतो, तोच हा. हा वायू रानातून हवेत किती जातो आणि हवेतून रानात परत किती येतो, ते साहेबांना मोजायचं होतं. त्यासाठी आमच्याकडे काचेच्या घंटा होत्या, म्हणजे देवळातल्या घंटेच्या आकाराची, बालदीएवढी मोठी भांडी. घंटा जमिनीवर पालथी घालायची, कडेनं ओली माती थापायची, वरच्या तोंडाला रबराची नळी लावायची आणि आतली हवा हळूहळू ओढून गंधकाच्या आम्लाच्या बाटलीतून न्यायची. अमोनिया त्या आम्लात अडकतो. मग संध्याकाळी आम्लाची ताकद किती उतरली ते थेंबाथेंबानं तपासायचं. काम किचकट होतं, पण मला आवडायचं. हवेत गेलेली वस्तू धरून आणायची, यात एक मजा होती.

प्रयोगासाठी रान दिलं ते गावच्या इनामदारांनी. गाव त्यांना सरकार म्हणायचं. खरं सरकार त्या दिवसांत गोऱ्यांचं होतं, पण ह्या गावाला तेवढ्यानं भागत नव्हतं. इनामदारांनी नुकतीच विलायती खताची अडत घेतली होती. पांढरं, मिठासारखं खत, पोत्यातून यायचं. वाड्याच्या मागच्या पडवीत पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि कुळं ते घ्यायला तयार नव्हती, कारण त्यांच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं बसत आली होती.

मेंढरं बसवणं म्हणजे काय ते नव्या माणसाला सांगायला हवं. सुगी आटोपली, तंबाखू निघाली, रानं मोकळी झाली की धनगर आपली मेंढरं घेऊन येतात. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या रानात, रातभर मेंढरं बसतात. सकाळी ती उठून गेली की खाली लेंड्या आणि मूत यांची ओली चादर उरते. शेतकरी धनगराला धान्य देतो, धनगर रानाला खत देतो. आमच्या कडोलीतही हेच. आणि त्यातली खरी गोम अशी की मेंढरं उठली रे उठली की त्याच सकाळी रानात कुळव घालायचा. ऊन चढायच्या आत ती चादर मातीत मिसळून टाकायची. उशीर झाला तर खत उन्हानं जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या गावात मेंढरं आणणाऱ्या धनगरांचा म्होरक्या एक म्हातारा होता. उंच, वाळका, डोक्याला लाल पागोटं, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. सगळे त्याला आप्पा म्हणत. आम्ही गाडीतून काचा उतरवत होतो तेव्हा तो काठीवर हनुवटी टेकून बघत उभा होता.

"ह्यात काय ठेवनार?" त्यानं विचारलं.

"हवा," मी म्हणालो.

"हवा ठेवायला भांडं आनलंय," तो मागच्यांना म्हणाला, आणि सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव बाटलीमास्तर पडलं. पोरं मागून ओरडायची, बायका पदरात हसायच्या. मी चिडतो म्हटल्यावर तर त्यांना ऊतच आला.

दुसऱ्या दिवशी इनामदारांनी चावडीपुढं लोक जमवले. साहेब खुर्चीत, इनामदार खुर्चीत, मी उभा. इनामदारांनी सांगितलं की ह्या काचेतून मेंढराचं खत किती उडून जातं ते कळणार आहे. फार उडून जातं असं निघालं तर पुढच्या सालापासून इनामाच्या रानात मेंढरू शिरणार नाही, सगळ्यांनी पोत्यातलं खत घ्यायचं. नाही निघालं तर मेंढरं पूर्वीसारखी बसतील, वर आप्पाला आमच्या हातानं पागोटं बांधू. असं चारचौघांत बोलून मोकळे झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

 आप्पाचा चेहरा मी पाहिला. धनगराला एक रान गेलं तर दुसरं आहे असं बाहेरच्याला वाटतं. तसं नसतं. कुठल्या गावात कुणाचा तळ पडायचा ते ठरलेलं असतं, आणि एकाच्या गावात दुसरा पाय ठेवत नाही. आप्पाच्या आज्यापासून उन्हाळ्यात त्यांना हेच गाव होतं, इथलाच ओढा, इथलाच पाला. हे गाव बंद झालं तर पाऊस पडेपर्यंत ती मेंढरं कुठं बसणार याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. तो माझ्या काचेकडे बघत होता, आणि ती नजर काही चांगली नव्हती.

पहिल्या तळावर आम्ही घंटा मांडली. मेंढरं उठली होती, रान ओलं होतं, डोळ्यांना झोंबेल असा दर्प होता. कूळ कुळव जुंपून बांधावर उभं. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"इथं कुणी कुळव घालायचा नाही. जमीन हलली तर मोजमाप बिघडेल."

मी बाजूला जाऊन हळूच म्हणालो, "साहेब, असं कुणी ठेवत नाही. तळ उठला की लगेच कुळवतात. न कुळवलेल्या रानाचं मोजून आपण काय सांगणार?"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. साहेब पुण्याचे, विद्वान, अक्षर मोत्यासारखं. आयुष्यात त्यांचा पाय ढेकळात पडला असेल तर तो चुकून. "प्रयोग म्हणजे शेती नव्हे," ते म्हणाले. "तुम्ही शेतकऱ्यांची मुलं इथंच गोंधळता."

"मग निदान एक घंटा कुळवलेल्या रानावर ठेवू. आणि एक पांढऱ्या खतावर. ह्या काळ्या रानात चुनखडी आहे, तेही उडत असणारच."

"आपल्याला जे सांगितलं आहे ते आपण मोजायचं."

कुणी सांगितलं आहे, हे मी विचारलं नाही. साहेबांचं जेवण दोन वेळा वाड्यावरून येत होतं, तेवढ्यावरून मला कळलं. माझं मात्र भाकरी-पिठल्यावर चाललं होतं आणि तेही मी स्वतः करत होतो. त्या दिवसापासून मला साहेबांचं तोंड बघवेना. ते "अहो" म्हणून हाक मारत, आणि त्या "अहो"त इतका तिटकारा असे की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मोजमाप व्हायचं तेच झालं. न कुळवलेला ओला तळ, वर चैत्रातलं ऊन, आणि काचेखाली कोंडलेली वाफ. आम्लाची ताकद सकाळ संपायच्या आत पार उतरायची; मी बाटल्या बदलत राहायचो. साहेब खूश. इनामदार तर काचेपाशी येऊन बोटानं टकटक करून जात. "काय रं कडोलीकर, उडालं का न्हाय तुज्या मेंढराचं धन?" माझी मेंढरं नव्हती, पण शेतकऱ्याच्या पोराला टोचायला तेवढं पुरतं. माझ्या अंगाची लाही व्हायची. मी बाटलीवर तारीख घालायचो.

साहेब अधूनमधून बेळगावला घरी जात. एका शनिवारी ते असेच गेले, आणि मी ठरवलं की आपण गावाला दाखवायचं. आकडे ह्या लोकांना कळणार नाहीत, पण डोळ्यांनी दिसलं तर कळेल. हळद ही वस्तू रसायनशाळेत कामाला येते. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावला की ते लाल होतं, हे कुठल्याही बाईला विचारा. अमोनियानंही तसंच होतं. तेव्हा हळदीच्या पाण्यात भिजवलेली एकेक चिंधी दोन घंटांखाली टांगायची. एक घंटा न कुळवलेल्या तळावर, दुसरी कुळवलेल्या तळावर. न कुळवलेल्यावर चिंधी लाल होईल, म्हणजे तिथून खत उडतंय. कुळवलेल्यावर पिवळीच राहील, म्हणजे ते मातीत मुरलंय. इतकं सोपं. मेंढरं बसवून लगेच कुळवलं तर काही उडत नाही, मेंढरांचा दोष नाही, साहेबांच्या रीतीचा दोष आहे, हे सगळ्या गावादेखत सिद्ध होणार होतं. इनामदारांनीच चारचौघांत शब्द दिला होता. तो त्यांना चारचौघांत गिळायला लावायचा, असा माझा बेत होता. आप्पाची कणव वगैरे सगळं खरं, पण मुख्य म्हणजे मला त्या दोन खुर्च्या उलथायच्या होत्या.

रविवारी सकाळी मी लोकांना रानात बोलावलं. बाटलीमास्तर काहीतरी करणार म्हटल्यावर सगळं गाव लोटलं. धनगर बायका-पोरांसकट आले. दोन्ही घंटा मांडून झाल्या. माझ्या धोतराची दोन फडकी फाडली. हळद हवी होती. मी म्हणालो, "कुणाच्या घरून चिमूटभर हळद आणा."

आप्पानं कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या हातावर मूठभर भंडारा ठेवला.

भंडारा म्हणजे हळदच. रसायनाच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही. पण तो त्यांच्या देवाला वाहिलेला, कपाळाला लावायचा, मेंढरू आजारी पडलं तर त्याच्या तोंडात घालायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही; कडोलीत काय धनगर नाहीत? पण उन्हं चढत होती, तळाचा दर्प कमी व्हायच्या आत मला काम उरकायचं होतं, आणि शिकलेल्या माणसाला हळद ती हळदच असते. मी फडकी भिजवली, पिळली आणि काचेत टांगली.

कुळवलेल्या रानावरचं फडकं पिवळंच राहिलं. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही, कारण तिथं बघण्यासारखं काही घडत नव्हतं. न कुळवलेल्या तळावरच्या काचेत मात्र फडक्याची कड आधी केशरी झाली, मग तांबूस, मग बघता बघता सगळं फडकं कुंकवानं माखल्यासारखं लाल झालं.

 मी सांगायला तोंड उघडलं तोवर आप्पानं हातातली काठी टाकली आणि तळावर, त्या ओल्या लेंड्यांत, पालथा पडून काचेला दंडवत घातला. त्याच्या मागून सगळे धनगर आणि त्यांच्या मागून गाव. बायकांनी पदर डोक्यावर ओढून हात जोडले. कुणीतरी म्हणालं, भंडाऱ्याचं कुंकू झालं.

"अहो, साबणानं होतं तसं झालंय," मी म्हणालो. "घरी धुणं धुता का नाही? हा वास आहे, वास. हा उडून चाललाय. त्या दुसऱ्या काचेकडं बघा, तिथं उडत नाही."

"तितं देव न्हाय आला," आप्पा उठून बसत म्हणाला. त्याच्या दाढीला शेण लागलं होतं आणि तो हसत होता. त्या महिनाभरात मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो. "तितं कुळव घातलाय न्हवं? म्हनून न्हाय आला. हितं आला. आमच्या मेंढरांनी बसल्याली जागा, तिला हात लावला न्हाय, तितं आला."

मी रागानं घंटा उचलली आणि फडकं बाहेर काढलं. त्यानं तर सगळंच संपलं. मोकळ्या वाऱ्यात अमोनिया उडून जातो आणि हळद परत पिवळी होते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल फडकं हळूहळू पिवळं पडलं. देव आला, दिसला आणि गेला. याहून पक्की खूण कुणाला हवी?

आप्पानं ते फडकं माझ्या हातून घेतलं, कपाळाला लावलं आणि पागोट्यात खोवलं. मग उभा राहून सगळ्यांना म्हणाला, "सरकारनी कौल लावला हुता. देवानं दिला. आता देव उतरल्याल्या रानात कुळव घालायचा न्हाय. आयतवारी निवद दावायचा, मग रान हलवायचं."

आणि त्यांनी तसं केलं. मी हे लिहितो आहे आणि माझं डोकं आजही तापतं आहे. त्या दिवसापासून रोज मेंढरं उठली की कुळं रानाला नमस्कार करून घरी जायची. कुळव गोठ्याला टेकलेला. ओले तळ दिवसदिवस उघडे पडलेले, वर वैशाखाचं ऊन. रविवार आला की नारळ फुटायचा, आंबील शिंपडायची, आणि मग त्या वाळून कोळ झालेल्या रानात कुळव फिरायचा. त्यात उरलेलं काय असणार? गावावरून वारा आला की नाक झणझणायचं. लोक एकमेकांना म्हणायचे, देवाचा वास सुटलाय. उभ्या गावाचं खत आभाळात चाललं होतं आणि गाव त्याला हात जोडत होतं.

मी रानोरान हिंडलो. ज्याला त्याला सांगितलं. एका कुळाच्या बांधावर तर मी स्वतः बैल जुंपायला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोनं खुरपं उगारलं. "बाटलीत देव दावलासा तुमीच, आनि आता त्येच्यावर कुळव घाला म्हनतासा व्हय?" ती म्हणाली.  गाढवापुढं वाचली गीता म्हणतात, पण माझी गीता त्यांनी नीट ऐकली होती. फक्त भलताच श्लोक पाठ केला होता.

शेवटी मी आप्पाकडे गेलो. तो बाभळीखाली मेंढराची लोकर कातरत बसला होता.

"आप्पा, तुम्ही आज्यापासून बघत आलात. मेंढरं उठली की कुळव. कधी चुकलं का?"

"न्हाय चुकलं."

"मग आता का चुकवता?"

"आता देवानं सांगितलंय."

"देवानं नाही, मी सांगितलं. फडकं माझं, काच माझी."

"भंडारा माझा," तो म्हणाला आणि कातरी चालवत राहिला. त्यानं मला बसही म्हटलं नाही.

साहेब परत आले तेव्हा इनामदारांनी त्यांना सगळं मीठमसाला लावून सांगितलं होतं. मी कुळवलेल्या रानावर घंटा ठेवून जे काही मोजलं होतं ते त्यांच्यापुढं केलं. तिथं आम्ल जवळपास जसंच्या तसं राहिलं होतं. साहेबांनी बघितलंही नाही. "गावाला जादूचे खेळ दाखवण्यासाठी खातं तुम्हाला पगार देत नाही," एवढंच म्हणाले. बेळगावला कागद गेला तो न कुळवलेल्या रानाचा: मेंढरांच्या तळातलं नत्र बहुतांश वायुरूपानं वाया जातं. कुळव हा शब्द त्यात कुठंही नव्हता.

हे सगळं असूनही पीक साक्ष देईल अशी मला आशा होती. पण पिकानं कसली साक्ष द्यावी? त्या सालापर्यंत मेंढरं बसलेलं रान गावात लांबून ओळखू यायचं, पानं काळीभोर, ताटं जाड. त्या साली मेंढरं बसलेलं आणि न बसलेलं रान यांत फार फरक दिसेना. विलायती खताचा इनामदारांचा तुकडा मात्र हिरवागार. दसऱ्याच्या सुमारास इनामदारांनी लोकांना बांधाबांधावरून फिरवलं. मी तिथं नव्हतो, मला नंतर कळलं. लोक मुकाट्यानं फिरले आणि मुकाट्यानं पोती घेऊन घरी गेले. साहेबांचा कागद लिहिला तेव्हा खोटा होता. तो गावानं आपल्या हातानं खरा करून दिला. साहेब लबाड, इनामदार लोभी, हे मी समजू शकतो; पण ज्यांच्यासाठी मी भांडलो त्यांनीच त्या दोघांचं काम फुकटात करून द्यावं, याचा मला आलेला संताप कशातच मावला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात राहिलेलं सामान आणायला मला पुन्हा त्या गावी पाठवलं. शिवेपाशी पोचलो तर वाटेवर इनामदारांचे दोन गडी काठ्या घेऊन बसलेले, आणि त्यांच्यापुढं आप्पाची सगळी मेंढरं उभी. बायकांच्या डोक्यावर बिऱ्हाड, घोड्यावर कोकरं बांधलेली. वरच्या बाजूनं चालत आली होती, तहानेनं जिभा बाहेर. ओढा तिथून दिसत होता. गडी म्हणत होते, सरकारचा हुकूम आहे, मेंढरू शिरणार नाही. आप्पा त्यांच्याशी भांडत नव्हता. देवानं कौल दिला असताना हे असं कसं, एवढंच तो समजून घ्यायला बघत होता.

मी गाडीतून उतरलो. त्याला बघून माझ्या मनात कीव जागी व्हायला हवी होती. जागा झाला तो वर्षभर दाबून ठेवलेला राग.

"बघितलंत?" मी म्हणालो. "सांगत होतो, कुळव घाला. हात जोडत होतो. ऐकलं असतं तर आज इथं उभं राहावं लागलं नसतं. तुमचं रान इनामदारांनी नाही घेतलं, आप्पा. तुम्ही स्वतः उडवलंत."

त्याचा मुलगा माझ्या अंगावर आला, आप्पानं काठी आडवी धरून त्याला थांबवलं. मग माझ्याजवळ आला. त्याचे डोळे आत गेले होते.

"रान गेलं ते गेलं, मास्तर," तो म्हणाला. "दुसरं कुनी बसू देतंय का बगू. न्हाय तर मेंढरं इकू. तेवढं एक सांगा. त्या दिवशी देव आलता न्हवं?"

त्याला तेवढंच हवं होतं. व्हय म्हणायला माझं काय जात होतं? एक अक्षर. पण ज्या खोट्यापायी हे सगळं झालं त्याला मीही हो म्हणायचं, हे मला त्या वेळी जमण्यासारखं नव्हतं. आजही जमेल असं वाटत नाही.

"नाही," मी म्हणालो. "देव नव्हता. मेंढरांच्या मुताचा वास होता."

 आप्पाला वाईट वाटलं असं मला दिसलं नाही. उलट, काहीतरी नीट जागेवर बसल्यासारखी त्यानं मान हलवली.

"मग मुतात आलता," तो म्हणाला. "आमच्याच मेंढरांच्या."

त्यानं मुलाला हाक मारली, मेंढरं वळीव म्हणाला. मुलानं शीळ घातली. पुढची मेंढरं ओढ्याचा वास घेऊन हटेनात, त्यांना कुत्री लावून फिरवावं लागलं. वाट अरुंद होती. मला माझी गाडी बाजूच्या काट्यात घालून ती सगळी जाईपर्यंत उभं राहावं लागलं.